काळ्या उंदराचे कान

डोळे अधू झाले की माणूस चष्मा करतो आणि चारचौघांत बिनदिक्कत नाकावर चढवतो. कानांचं तसं होत नाही. कान अधू झाले हे माणूस स्वतःशीसुद्धा लवकर कबूल करत नाही. घरच्यांच्या ते आधी लक्षात येतं. पण त्यांना तो ऱ्हास न वाटता स्वभाव वाटतो. ‘म्हाताऱ्याला हवं तेवढंच ऐकू येतं’ हे वाक्य ज्यानं कधी ऐकलं नाही असं मराठी घर विरळाच. म्हातारपणी ऐकू का येत नाही, हा प्रश्न जुना आहे. त्याचं उत्तर शोधताना एका लहानशा प्राण्यानं आपल्याला जे सांगितलं, आणि ते ऐकायला आपण किती वर्षं लावली, त्याची हकिगत आज सांगायची आहे.

सुरुवात एका शिट्टीपासून करू. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाचे एक गृहस्थ होते. चार्ल्स डार्विनचे नातेवाईक, पैशाची ददात नाही, आणि जे दिसेल ते मोजायची हौस. त्यांनी पितळेची एक बारीक शिट्टी तयार करवून घेतली. स्क्रू फिरवला की तिचा सूर चढत जाई, इतका की माणसाला तो ऐकूच येईनासा होई. ही शिट्टी हातातल्या काठीच्या टोकाला बसवून ते प्राणिसंग्रहालयात जात, प्राण्यांच्या कानाजवळ ती वाजवत आणि कान टवकारले जातात का ते पाहत. मांजरांचे कान त्यात फार तिखट निघाले. हीच शिट्टी त्यांनी माणसांवरही वाजवली. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात ही सगळी हकिगत आहे. वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र बसवून शिट्टी वाजवली, की तरुणांना स्पष्ट ऐकू येणारा सूर वयस्कांच्या गावीही नसे. आणि आपल्याला ऐकू येत नाही हे त्या प्रतिष्ठित वृद्धांना पटतही नसे. गाल्टनना त्याची गंमत वाटली. पुढे शतकाच्या अखेरीस झ्वार्देमाकर या डच शास्त्रज्ञानं वय आणि उंच सूर यांचं हे नातं नीट अभ्यासलं. म्हातारपणच्या श्रवणऱ्हासाला ‘प्रेसबिक्युसिस’ हे भारदस्त ग्रीक नाव मिळालं.

नाव मिळालं म्हणून कारण कळतं असं नाही. पुढं पाऊणशे वर्षं दोन मतं चालत राहिली. एक मत म्हणे, कान झिजतात. आयुष्यभराचा गोंगाट, गिरण्या, रेल्वे, बंदुका यांनी ते घासून निघतात. दुसरं मत म्हणे, हे रक्तातच असतं. आजोबांचे कान गेले, वडिलांचे गेले, आता मुलाचेही जाणार. १९६२ साली सॅम्युअल रोझेन या अमेरिकन कानतज्ज्ञानं सुदानमधल्या माबान लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोंगाटापासून दूर राहणाऱ्या या लोकांमधल्या म्हाताऱ्यांचे कान शहरातल्या म्हाताऱ्यांपेक्षा कितीतरी चांगले निघाले. गोंगाटाचं मत मांडणाऱ्यांना बळ आलं. पण लगेच प्रतिप्रश्न आला: माबान लोकांचं खाणं वेगळं, राहणी वेगळी, रक्तदाब वेगळा आणि रक्तही वेगळं. यातलं कानांना कशानं तारलं? माणसाच्या बाबतीत हा गुंता सुटणं कठीण. आपण कुणाला सत्तर वर्षं एका शांत खोलीत ठेवून, एकाच प्रकारचं जेवण देऊन पाहू शकत नाही.

उंदराच्या बाबतीत मात्र हे करता येतं. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, म्हणजे त्याचं म्हातारपण संशोधकाला डोळ्यांदेखत पाहता येतं. सगळ्यांना एकच खाणं, एकच उजेड, एकच शांत खोली देता येते. आणि पिढ्यान् पिढ्या सख्ख्या भावंडांचा जोडा लावत गेलं, तर वीस पिढ्यांनंतर जवळजवळ एकाच साच्यातून काढलेले उंदीर मिळतात. सगळे जणू जुळे. मग फरक दिसला, तर तो कशामुळे हे ओळखणं सोपं जातं.

असे उंदीर कुठून आले, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅन्बी या गावात ॲबी लॅथ्रॉप नावाची एक बाई राहत असे. जन्म १८६८ चा. आधी शाळेत शिकवत होती. प्रकृतीमुळे ते सुटलं, मग कोंबड्या पाळून पाहिल्या, ते जमलं नाही. १९००च्या सुमारास तिनं उंदीर पाळायला घेतले. त्या काळी पांढरे, तपकिरी, ठिपक्यांचे उंदीर हौसेनं पाळायची टूम होती. ही हौस मुळात पूर्वेकडची. जपानमध्ये तर १७८७ साली रंगीत उंदीर कसे पैदा करावेत यावर पुस्तक छापलं गेलं होतं. लॅथ्रॉपबाईंच्या शेतावर पुढं हजारो उंदीर झाले. हौशी लोकांपेक्षा प्रयोगशाळांकडूनच मागणी वाढू लागली. बाई नुसत्या विकत नसत; वह्या ठेवत, कोणता कुणाचा पोटचा हे लिहून ठेवत. काही उंदरांच्या अंगावर गाठी येतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि लिओ लोएब या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी कर्करोगावर निबंधही प्रसिद्ध केले. शेतावरची ही बाई १९१८ साली वारली.

हार्वर्डमध्ये या विषयात तयार झालेल्या क्लॅरेन्स लिटल या तरुण शास्त्रज्ञानं १९०९ साली भावंडांचे जोडे लावून पहिला शुद्ध वंश तयार करायला घेतला. तो पुढं डीबीए म्हणून ओळखला गेला. १९२१ साली त्यानं लॅथ्रॉपबाईंच्या उंदरांपैकी ५७ क्रमांकाची मादी आणि ५२ क्रमांकाचा नर यांचा जोडा लावला. त्यातून एक काळाभोर वंश निघाला. मादीच्या क्रमांकावरून त्याला ‘सी-५७ ब्लॅक’ असं नाव पडलं. १९२९ साली लिटलनी मेन राज्यातल्या बार हार्बर इथं जॅक्सन प्रयोगशाळा काढली. १९४७ साली त्या बेटावर वणवा पेटला, प्रयोगशाळा भस्मसात झाली, हजारो उंदीर जळाले. पण त्यांची भावंडं तोवर ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत पोचली होती. त्यांनी ती परत पाठवली आणि वंश पुन्हा उभे राहिले. काळा उंदीर तर इतका पसरला की जगातल्या प्रयोगशाळांत सर्वांत जास्त वापरला जाणारा उंदीर तोच. कर्करोग, मधुमेह, लठ्ठपणा, स्मरणशक्ती, दारूचं व्यसन, काय म्हणाल ते त्याच्यावर तपासलं गेलं.

या सगळ्या धामधुमीत त्याला ऐकू येतं का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

बहिरे उंदीर माहीत नव्हते असं नाही. हौशी लोकांत एक ‘नाचरा उंदीर’ प्रसिद्ध होता. तो सरळ चालतच नसे. मान हलवत स्वतःभोवती गरगर फिरत राही. मुलांना त्याची मौज वाटे. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञानं १९०७ साली या उंदरावर अख्खं पुस्तक लिहिलं. मोठे झालेले नाचरे उंदीर ठार बहिरे असतात, हे त्यानं प्रयोगांनी दाखवलं. कानाच्या आतच तोल सांभाळणारा भागही असतो. तो बिघडला म्हणून ते गरगर फिरत होते. लोक टाळ्या वाजवत होते, तो नाच नव्हता, व्यंग होतं. पण हे जन्माबरोबर आलेलं बहिरेपण. तारुण्यात ठणठणीत ऐकणारा आणि उतारवयात हळूहळू ऐकेनासा होणारा उंदीर असतो का, हा प्रश्न वेगळा होता.

उंदराला तो विचारायचा तरी कसा? १९व्या शतकातल्या प्रायर या जर्मन शास्त्रज्ञानं एक साधी खूण सांगितली होती: अचानक आवाज झाला की प्राण्याचा कान लवतो. पण ती ढोबळ परीक्षा. १९७०च्या सुमारास एक बारीक पद्धत हाती आली. प्राण्याला भूल देऊन डोक्याच्या कातडीशी तारा लावायच्या, कानाशी टिचकीसारखा आवाज करायचा आणि मेंदूच्या तळाशी विजेची लाट उमटते का ते पाहायचं. आवाज कमी-कमी करत न्यायचा. लाट जिथं थांबते तिथं त्याचं ऐकणं संपलं. आज नवजात बाळांचे कानही याच पद्धतीनं तपासतात.

१९७९ साली मिकेलियन यांनी आणि १९८० साली हेन्री व चोल यांनी काळ्या उंदराच्या कानांचे अभ्यास प्रसिद्ध केले, आणि गोष्ट उघडी पडली. हा उंदीर लहानपणी उत्तम ऐकतो. काही महिन्यांचा झाला की उंच सूर हरवू लागतात. मग ऱ्हास खालच्या सुरांकडे सरकत येतो. वर्ष-सव्वा वर्षाचा होईतो तो बराचसा बहिरा झालेला असतो. उंदराच्या आयुष्यात हे म्हातारपणसुद्धा नव्हे, मध्यम वय. शेजारच्या पिंजऱ्यातला ‘सीबीए’ नावाचा दुसरा वंश, तेच खाणं, तीच शांत खोली, मात्र दीड वर्षाचा झाला तरी चांगलं ऐकतो. रोझेनना सुदानमध्ये जो गुंता सोडवता आला नाही, तो या दोन पिंजऱ्यांनी पुष्कळसा सोडवला. गोंगाट नसतानाही कान जाऊ शकतात. आणि जाताना ते गाल्टनच्या शिट्टीच्याच क्रमानं जातात: आधी उंच सूर, मग मधले, शेवटी खालचे.

हा क्रम मला कवी म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. भाषेत स्वर खालच्या पट्टीत असतात आणि बरीच व्यंजनं उंच पट्टीत. ‘आ’, ‘ओ’ हे भरघोस आवाज म्हाताऱ्या कानालाही पोचतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हे वाऱ्यासारखे बारीक आवाज आधी नाहीसे होतात. मग साठ, पाठ, काठ, आठ हे सगळे एकच शब्द होतात. आमचे अब्बा शेवटच्या वर्षांत म्हणायचे, ‘आवाज येतो, बोल येत नाही.’ शेजारीपाजारी त्यांच्याशी ओरडून बोलायचे. ओरडल्यानं स्वर मोठे होतात. हरवलेलं व्यंजन तिथंच राहतं. अर्थ तर व्यंजनात असतो. म्हणून माणूस ‘हं, हं’ करत मान डोलावतो, आणि आपण म्हणतो, लक्ष नाही.

असं का होतं, हे कळायला कानात थोडं खोल जावं लागेल. अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी आहे. तिच्यात रोमपेशी नावाच्या पेशी ओळीनं बसलेल्या असतात; माणसाच्या एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. डोळ्यांतल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोटींनी मोजतात. त्या मानानं ही पुंजी फारच तुटपुंजी. एक पेशी मेली की माणसाच्या किंवा मोठ्या उंदराच्या कानात तिच्या जागी दुसरी येत नाही. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे बारीक केस असतात. १९८४ साली इंग्लंडमधल्या पिकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिलं, की एका केसाचं टोक शेजारच्या उंच केसाशी अतिसूक्ष्म धाग्यानं जोडलेलं आहे. आवाजाची लाट आली की केस कलतात, धागा ताणला जातो, पेशीचं दार उघडतं आणि मेंदूकडे निरोप जातो. आपण ऐकलेली प्रत्येक बांग, प्रत्येक अभंग, आईची प्रत्येक हाक या धाग्यावरून आत आलेली आहे. शंखाच्या तोंडाशी उंच सूर टिपणाऱ्या पेशी असतात, आतल्या टोकाशी खालच्या पट्टीतल्या. म्हातारपणी आधी तोंडाकडच्या पेशी जातात.

आता काळ्या उंदरात दोष नेमका कुठं, याचा शोध सुरू झाला. ओहायोतल्या सिनसिनाटी विद्यापीठातले लॉरेन्स अर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली वंशावंशांच्या संकरांचे निष्कर्ष मांडले. लवकर बहिऱ्या होणाऱ्या वंशाचा आणि चांगलं ऐकणाऱ्या वंशाचा जोडा लावला, तर पिल्लं चांगलं ऐकत राहतात. म्हणजे दोष दबून राहणारा होता; आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो प्रकट होई. मग जॅक्सन प्रयोगशाळेतल्या केनेथ जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी काळ्या उंदराचा जोडा थायलंडमधल्या रानउंदरांच्या वंशाशी लावला, नातवंडांचे कान तपासले आणि १९९७ साली सांगितलं की हा दोष दहाव्या गुणसूत्रावर आहे. १९९९ साली त्याच गटानं ८० वंशांच्या कानांची तपासणी प्रसिद्ध केली. २००० साली कळलं की हा दोष एकट्या काळ्या उंदराचा नाही. निदान दहा वंशांत तोच आहे.

दरम्यान २००१ साली त्या जुन्या नाचऱ्या उंदराचं कोडं सुटलं. त्याच्यातलं बिघडलेलं जनुक ‘कॅडहेरिन-२३’ नावाचं प्रथिन तयार करतं. हे जनुक दहाव्या गुणसूत्रावरच, आणि ज्या जागी काळ्या उंदराचा दोष शोधला जात होता त्याच टापूत. २००३ साली नोबेन-ट्राउट, झेंग आणि जॉन्सन यांनी दोन टोकं जुळवली. काळ्या उंदराच्या याच जनुकात एका ठिकाणी ‘जी’ या रासायनिक अक्षराच्या जागी ‘ए’ आहे. फरक एवढाच, एका अक्षराचा. पण त्यामुळं पेशी जनुक वाचताना एक तुकडा गाळून पुढं जाते. जुन्या छापखान्यात खिळे जुळवताना एखादी ओळ सुटावी तसं. पुढच्या काही वर्षांत हेही स्पष्ट झालं की केसांना जोडणारा तो सूक्ष्म धागा कॅडहेरिन-२३ आणि त्याच्या एका जोडीदार प्रथिनाचाच विणलेला असतो.

म्हणजे पाहा, हौसेनं विकला जाणारा नाचरा उंदीर आणि प्रयोगशाळेतला शहाणासुरता काळा उंदीर, दोघांचं दुखणं एकाच धाग्याचं. एकाचा धागा जन्मतःच तुटलेला, दुसऱ्याचा कच्च्या सुताचा. काही महिने टिकतो आणि मग झिजतो. जन्मजात बहिरेपण आणि म्हातारपणचं बहिरेपण यांत आपण जी भिंत घालत होतो ती तितकीशी पक्की नव्हती. जनुक तेच, बिघाड मोठा की लहान, एवढ्यावर वय ठरलं.

यात एक अवघड गोष्टही होती. डिसेंबर २००२ मध्ये उंदराच्या संपूर्ण जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला, जगभर कौतुक झालं. ज्या उंदराचा संच वाचला गेला तो हाच काळा उंदीर. उंदराचा नमुना म्हणून जो जगापुढं ठेवला, तोच मध्यम वयात बहिरा होणारा. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही किती प्रयोगांत एखाद्या सुराला प्रतिसाद न देणाऱ्या वयस्क उंदराला मंद किंवा विसराळू ठरवलं गेलं असेल, कोण जाणे. आवाज वापरून वयस्क काळ्या उंदराची बुद्धी तपासायची असेल तर आधी त्याचे कान तपासा, असं आता संशोधकांना बजावलं जातं. माणसांच्या घरात जे होतं तेच प्रयोगशाळेतही होत होतं.

एका अक्षरावर सगळं खापर फोडून मात्र चालणार नाही. २००१ साली दिसलं की ‘ए-जे’ नावाच्या वंशात पेशीच्या ऊर्जाकेंद्रातला, म्हणजे मायटोकाँड्रियातला एक फरक या दोषाला हात देतो आणि कान आणखी लवकर जातात. पुढं त्याच वंशात ऊर्जानिर्मितीशी संबंधित आणखी एका जनुकाचा दोष सापडला. २०१० साली डीबीए वंशात केसांचा कणा ताठ ठेवणाऱ्या फॅसिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष कळला. शुद्ध वंशाच्या उंदरातच इतकी कारणं, तर माणसाची काय कथा! २०१९ साली ब्रिटनमधल्या सुमारे अडीच लाख लोकांच्या माहितीवरून मोठ्या वयातल्या श्रवणदोषाशी संबंधित ४४ जागा जनुकसंचात आढळल्या. प्रत्येकीचा वाटा थोडाथोडा. उंदरानं आपल्याला एक चावी दिली. माणसाच्या दाराला कुलपं पुष्कळ आहेत.

त्या चावीनं काही दारं उघडलीही. कॅडहेरिन-२३चं माणसातलं जनुक बिघडलं की काही कुटुंबांत जन्मजात बहिरेपण येतं, काहींत बहिरेपणाबरोबर दृष्टीही हळूहळू जाते. हे २००१ सालीच कळलं. दुसरं एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. १९९५ साली भारतातल्या, नात्यात लग्नं झालेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून बहिरेपणाच्या एका जनुकाचा ठावठिकाणा नवव्या गुणसूत्रावर लागला. २००२ साली ते जनुक ओळखलं गेलं, आणि त्याच जनुकात बिघाड असलेला, तरुणपणापासून हळूहळू बहिरा होणारा एक उंदीर जर्मनीत सापडला. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं बीथोव्हेन. त्याआधी बरोबर दोनशे वर्षं, १८०२ साली, खऱ्या बीथोव्हेननं आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहून ठेवलं होतं. मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही, हे लोकांना कसं सांगू, ही त्याची व्यथा. संगीतकाराला बहिरेपणाची लाज वाटली आणि लोकांनी त्याला माणूसघाणा ठरवलं.

नात्यातल्या लग्नांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलावं. आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात. महाराष्ट्रातल्या कित्येक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. दबून राहणारा दोष दोन्हीकडून आला तरच प्रकट होतो, हे आपण उंदरात पाहिलं. नवराबायकोचे आजोबा एकच असले, तर तो दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. घरात जन्मजात बहिरेपण असेल तर सोयरीक करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढाच याचा अर्थ. कुणाच्या रक्ताला नावं ठेवायची हा अर्थ नव्हे. इतिहासात तसं झालेलं आहे. ज्या १८८३च्या पुस्तकात गाल्टननी शिट्टीची गंमत लिहिली, त्याच पुस्तकात ‘युजेनिक्स’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला. चांगल्या रक्ताची माणसं वाढवावीत हा त्या शब्दामागचा विचार. पुढं त्याच्या नावावर माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. बहिऱ्या माणसांनाही त्यातून सोडलं नाही. आनुवंशिकतेचं ज्ञान दोषी शोधायला वापरायचं की उपाय शोधायला, हे ज्ञान ठरवत नाही, आपण ठरवतो.

उपायांची सुरुवात उंदरातच झाली. २०१६ साली इंग्लंडमधल्या हार्वेल इथल्या संशोधकांनी काळ्या उंदराच्या गर्भातलं ते एक अक्षर दुरुस्त केलं. ते उंदीर वाढत्या वयातही ऐकत राहिले. २०१७च्या अखेरीस बीथोव्हेन उंदराच्या पिल्लांच्या कानात जनुक-संपादनाचं औषध सोडून त्यांचा ऱ्हास कमी केल्याचं प्रसिद्ध झालं. २०२४च्या सुरुवातीला चीनमधल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच एका जनुकामुळं जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांवर जनुकोपचार केल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. म्हातारपणच्या बहिरेपणावर असा इलाज अजून नाही. कुणी तो विकायला आला तर पैसे देऊ नका.

आणि गोंगाटाचं काय? उंदरानं त्याला निर्दोष ठरवलेलं नाही. २००१ साली अर्वे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काळ्या उंदरातला तोच दोष कानाला गोंगाटापुढं अधिक दुबळा करतो. एकाच आवाजानं एकाचे कान जास्त बिघडतात, दुसऱ्याचे कमी. आपला धागा पक्क्या सुताचा की कच्च्या, हे मिरवणुकीत नाचणाऱ्या पोराला ठाऊक नसतं, आणि खिडकीत बसलेल्या त्याच्या आजीलाही नसतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीची मिरवणूक असो, ईदचा जुलूस असो की नेत्याची जयंती, भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढं ती मर्यादा टिकत नाही. देवाला किंवा अल्लाला ऐकू जाण्यासाठी एवढ्या आवाजाची गरज कुठल्याच धर्मात सांगितलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे साठीच्या पुढच्या चौघांतल्या एकाहून अधिक जणांना त्रासदायक श्रवणऱ्हास असतो. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला काहीतरी करता येण्याजोग्या कारणांत तज्ज्ञ आता त्याची गणना करतात. तेव्हा साठी उलटलेल्या माणसाचे कान एकदा तपासून घ्यावेत. श्रवणयंत्र लागलं तर ते चष्म्याइतकंच साधं मानावं. सवय व्हायला काही आठवडे लागतात, तोवर ते कपाटात जाऊ देऊ नये. आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलताना ओरडू नये. समोर बसावं, उजेडात बसावं, टीव्ही बंद करावा आणि आपले ओठ दिसतील अशा बेतानं सावकाश बोलावं. कानातून निसटलेलं व्यंजन पुष्कळदा डोळ्यांना सापडतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)